दाजीबांचा ठराव

म्युनिसिपालिटीत नोकरी केलेल्या माणसाजवळ किस्से साठतातच. तो काही मुद्दाम गोळा करत नाही. सभेत एखादा मेंबर काहीतरी बोलून जातो, कारकुनाला ते इतिवृत्तात लिहिता येत नाही, आणि जे लिहिता येत नाही ते डोक्यात राहून जातं. माझ्या डोक्यात असं पुष्कळ राहिलंय. आता पेन्शन घेऊन नागपुरात, महाल भागात मुलाकडे राहतो. संध्याकाळी आम्ही चार म्हातारे जमलो की कोणीतरी म्हणतंच, "बाबू, कमेटीचं काही सांगा ना!"

तर सांगतो. हसू येईल तिथे खुशाल हसा, मीही हसलो आहे. पण हे सगळे किस्से एका माणसाभोवतीचे आहेत आणि त्या माणसावर माझा फार जीव होता, हे आधीच सांगून ठेवतो.

खापरखेड्याच्या पुढे, कन्हान नदीच्या काठी आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांची नातवंडं अजून मला बर्डीच्या बाजारात भेटतात आणि पाया पडतात. राज्य इंग्रजांचं, मुलूख सी.पी.चा, म्हणजे मध्य प्रांताचा. गाव एवढंसं, पण म्युनिसिपल कमेटी होती, तिला नऊ मेंबर होते आणि मी तिचा हेडक्लार्क होतो. म्हणजे एकुलता एक क्लार्क! अध्यक्ष बापूसाहेब, गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. माणूस मऊ, कोणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. उपाध्यक्ष अण्णासाहेब वकील. ते नागपुरात शिकलेले, आणि म्युनिसिपल कायद्याचं पुस्तक उशाशी घेऊन झोपतात असं लोक म्हणत. तिसरे, घाटवॉर्डाचे मेंबर दाजीबा. तेलाची घाणी, शिक्षण सहीपुरतं, आवाज खणखणीत.

कमेटीचं उत्पन्न मुख्यतः तीन जागचं. एक जकातीचा नाका. दुसरा नावेचा घाट, त्याचा दरवर्षी ठेका निघे. आणि तिसऱ्या डांगरवाड्या. उन्हाळ्यात कन्हान आटली की उघड्या पडलेल्या रेतीत ढिवर, म्हणजे मासे धरणारे लोक, टरबूज आणि डांगर, म्हणजे खरबूज, लावत, त्या रेतीचे पट्टे कमेटी लिलावाने देई. एकूण आमची कमेटी नदीच्या जिवावर जगत होती.

स्मशान मात्र नदीच्या पलीकडे होतं. या काठी आंघोळीचा घाट, पिण्याचं पाणी, म्हणून जुन्या लोकांनी ते तिकडे ठेवलेलं. मेलेला माणूस नावेतून पलीकडे न्यायचा. या काठी जाळायला कमेटीची बंदी होती, दंडही होता. एरवी त्याचं कोणाला काही वाटत नसे. पण पावसाळ्यात कन्हानला पूर आला की नाव बंद. मग मढं घरात ठेवायचं आणि नदी उतरायची वाट पाहायची.

दाजीबांची बायको अशाच एका पुरात गेली. नदी उतरेपर्यंत दाजीबा तिच्या उशाशी बसून होते. त्या घरात तेव्हा काय झालं ते मी सांगणार नाही, दाजीबांनीही कधी सांगितलं नाही. ते फक्त पुढच्या निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले. पहिल्याच सभेत त्यांनी ठराव मांडला, की गावाच्या खालच्या अंगाला, याच काठी, स्मशानाला जागा द्यावी. ठराव पडला. पुढच्या वर्षी त्यांनी तोच ठराव पुन्हा मांडला आणि तो पुन्हा पडला. मग ते दरवर्षीचंच होऊन बसलं.

*

गोपाळशेठ कापडवाले आमचे एक मेंबर. त्यांचे वडील हिवाळ्यात गेले, नदी शांत होती, सगळं रीतसर झालं. तेरवी आटोपली आणि शेठजींचा कमेटीकडे अर्ज आला. अर्ज वाचून बापूसाहेबांनी तो दोनदा उलटापालटा करून पाहिला.

नियम असा होता, की माल गावाच्या हद्दीत आला की नाक्यावर जकात भरायची, पण तोच माल न वापरता हद्दीबाहेर गेला तर भरलेली जकात परत मिळायची. शेठजींचं म्हणणं होतं, की वडिलांच्या सरणाचं लाकूड जंगलातून बैलबंडीनं गावात आलं, नाक्यावर जकात भरली, आणि मग ते नावेतून पलीकडे गेलं. पलीकडे म्हणजे हद्दीबाहेर. तेव्हा जकात परत करावी!

सभेत सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. अण्णासाहेबांनी पुस्तक उघडलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "लाकूड हद्दीत आलं, हद्दीत जळलं नाही, हद्दीबाहेर गेलं. परत द्यावी लागेल."

तेवढ्यात दाजीबा उभे राहिले. "पाहा जी बापूसाहेब! हेच लाकूड या काठी जळालं असतं तर कमेटीची जकात कमेटीजवळच राह्यली असती. मी काय वेगळं सांगून राहिलो? ठराव पास करा, कमेटीचा फायदा हाय!"

सभा हसली. शेठजीही हसले, आणि त्यांचं सुतक नुकतंच फिटलं होतं. दाजीबा मात्र हसले नाहीत. त्यांना वाटलं होतं की हिशेबाची भाषा या लोकांना कळेल, म्हणून ते आठवडाभर तो मुद्दा मनात घोळवत बसले होते. मला ते माहीत होतं.

पुढच्या सभेत अण्णासाहेबांनी सरणाच्या लाकडाची जकातच माफ करून टाकली. लोकांना बरं वाटलं. दाजीबांच्या हातातला एकुलता एक फायद्याचा मुद्दा मात्र गेला.

*

घाटाचा ठेकेदार रामलाल. मूळचा जबलपूरकडचा, बोलण्यात निम्मं हिंदी. घाटावर त्याने भाड्याचा बोर्ड लावलेला होता. माणूस, बैल, रिकामी बंडी, भरलेली बंडी, डोली, सगळ्यांचे दर लिहिलेले. मढ्याचा दर कोणी लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो तिरडीला डोली धरी आणि डोलीचं भाडं घेई. लोक दुःखात असत, देऊन टाकत.

एकदा घाटवॉर्डातल्या एका कोष्ट्याचा बाप गेला. क्रियाकर्म करून मंडळी परत आली, तर रामलालने हिशेबात डोलीचं येण्याचंही भाडं लावलेलं! तो पोरगा तसाच ओल्या धोतरानं कमेटीच्या सभेत शिरला.

"साहेब, माझा बाप वापस येऊन राहिला का?"

रामलालला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "हुजूर, बोर्ड पे जाना-आना लिहिलं हाय. एकतर्फी दर लिहिलेलाच नाही. मी काय करू?"

अण्णासाहेब पुस्तक चाळायला लागले. मढं म्हणजे प्रवासी की माल, यावर बराच वेळ चर्चा झाली. ती मी इतिवृत्तात घेतली नाही. शेवटी बापूसाहेबांना राहवलं नाही. ते म्हणाले, "अरे, मेलेल्या माणसाकडून कमेटीने भाडं घेऊच नये!" सगळ्यांनी टेबलं वाजवली आणि ठराव मंजूर झाला.

रामलाल जागचा हलला नाही. "ठीक आहे हुजूर. मग ठेका कमी करा."

"काहून?" बापूसाहेबांनी विचारलं.

"हुजूर, बाजाराच्या दिवसाचे पैसे तर नावाड्यांच्या मजुरीत जातात. मले जे सुटते ते यातच सुटते. मी बोली लावली ते स्मशान पलीकडं हाय म्हणून."

इतकी वर्षं घाटाचा ठेका चढत चालला म्हणून आम्ही आनंद मानत होतो, आणि तो का चढतो हे कोणी विचारलं नव्हतं. दाजीबांनी फक्त एकेका मेंबराच्या तोंडाकडे पाहिलं. भाडेमाफीचा ठराव 'फेरविचारासाठी' ठेवला गेला, म्हणजे बासनात गेला. येण्याचं भाडं तेवढं बंद झालं.

*

आमच्या गावात रस्त्यावर रॉकेलचे दिवे होते. रॉकेल वाचवायला अण्णासाहेबांनीच नियम केला होता, की चांदण्या पक्षात दिवे लावायचे नाहीत. पंचांग पाहून यादी मीच करत असे. पंचांगात ढग नसतात, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

आषाढातली पौर्णिमा होती, आभाळ गच्च, आणि अण्णासाहेब पक्षकाराकडून घरी येताना घाटवॉर्डातल्या नालीत पडले! पाय मुरगळला. ओरडणार तरी काय? नियम त्यांचाच होता. दाजीबा घाणीवरून घरी चालले होते, त्यांनी हात देऊन बाहेर काढलं, खांद्यावर हात घेऊन घरी नेलं आणि स्वतःच्या हाताने तिळाच्या तेलानं पाय चोळून दिला. पुढचे कितीतरी दिवस ते रोज वाटीभर कोमट तेल घेऊन जात.

म्हणून आम्हाला वाटलं, यंदा ठराव पास होणार. सभेत अण्णासाहेब काठी टेकत आले आणि त्यांनी नेहमीसारखंच ठरावाविरुद्ध हात वर केला. बापूसाहेबांनाही ते बरं वाटलं नाही. ते म्हणाले, "अण्णासाहेब, निदान यंदा तरी..."

"तेल वेगळं, ठराव वेगळा," अण्णासाहेब म्हणाले. "खालच्या अंगालाही वस्ती आहे. ते लोक नदीचंच पाणी पितात. त्यांची सोय काय करणार, ते यात लिहिलेलं नाही."

मला त्यांचा राग आला. दाजीबांना आला नाही. बाहेर पडताना ते मला म्हणाले, "बाबू, वकील बराबर बोलला. खालच्या वस्तीले आधी विहीर पाह्यजे. पुढच्या साली ते बी लिहून घ्या ठरावात." आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेलाची वाटी घेऊन अण्णासाहेबांकडे गेले.

*

एकदा डेप्युटी कमिशनर साहेबांची स्वारी तपासणीला यायची होती. महिनाभर आधीपासून धावपळ सुरू. साहेबांची मोटार ज्या रस्त्याने येणार, त्या रस्त्यावरच्या भिंतींना चुना मारला, पण समोरच्याच बाजूला! चुना तेवढाच होता.

साहेब आले, पाहिलं, चहा घेतला. दाजीबांनी हात जोडून आपली गोष्ट सांगितली आणि अण्णासाहेबांनी तिचं इंग्रजी करून दिलं. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, की विरोध करणाऱ्या माणसाने ते अगदी प्रामाणिकपणे करून दिलं, एक शब्दही गाळला नाही. साहेबांनी मान डोलावली, घाटावर उभं राहून पलीकडे पाहिलं. मार्च महिना होता, पाणी घोट्याएवढं, पोरं नदीतून पळत पलीकडे जात होती.

मग साहेबांचा शेरा आला. स्मशान नदीपलीकडे ठेवण्याची या गावाची पद्धत आरोग्याच्या दृष्टीने उत्तम असून इतर गावांनी तिचं अनुकरण करावं, असं त्यात होतं. बापूसाहेबांनी तो शेरा चौकटीत बसवून भिंतीवर लावायला सांगितला.

मी दाजीबांना तो वाचून दाखवला. ते म्हणाले, "साहेब चांगला माणूस हाय. पावसाळ्यात आला नाई बिचारा."

*

आणि एक वर्ष असं आलं की ठराव पास होतो की काय असं सगळ्यांना वाटायला लागलं. खालच्या वस्तीला विहीर झाली होती. दाजीबांनी घरोघरी जाऊन मेंबरांशी बोलणं केलं होतं. मेंबर सगळे हजर, अध्यक्ष बरोबरी झाली तरच मत देत, त्यामुळे मतं आठ.

सभा सुरू झाली आणि दारात सखूबाई येऊन उभी राहिली. डांगरवाडी करणाऱ्या ढिवरांतली ती म्हातारी, नवरा नाही, रेतीचा पट्टा दरवर्षी तीच घेई. डोक्यावर टोपली, टोपलीत डांगरं. स्मशानासाठी मागितलेली जागा तिच्या पट्ट्याच्या बरोबर वर होती.

"मेंबरसाहेब," ती म्हणाली, "वरून राख उडन आन माह्या वाडीत पडन. मंग माह्या डांगराले कोन हात लावन? तुमी घ्यान का?"

मग ती दाजीबांकडे वळली. "दाजीबा, तू सांग गा. तू खाशीन?"

दाजीबा उठले. मला वाटलं आता हे काहीतरी खणखणीत बोलणार. ते म्हणाले, "मी खाईन वं सखूबाई. पन बाकीचे नाई खानार. तू खरं बोलून राहिली." आणि खाली बसले. स्वतःच्या ठरावाविरुद्ध असं बोललेला माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

मतं घेतली. चार विरुद्ध चार! म्हणजे निर्णायक मत अध्यक्षांचं. बापूसाहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं, मान पुसली, पाण्याचा पेला रिकामा केला. ते दाजीबांच्या बायकोच्या मातीला जाऊन आलेले होते, त्यांनी ते घर पाहिलेलं होतं.

"दाजीबा," ते म्हणाले, "माझं मन तुमच्याकडे आहे. पण घाटाचा ठेका उतरणार, डांगरवाड्यांचा लिलाव उतरणार, मग शाळेच्या मास्तरांचा पगार मी कुठून देऊ? माझं मत बजेटला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दाजीबांनीच त्यांची समजूत घातली. सखूबाई एक डांगर टेबलावर ठेवून गेली होती, ते कोणी खाल्लं नाही.

*

आता शेवटचा.

श्रावण होता. दाजीबांना ताप भरला होता, पण म्हातारा काटक होता, असं काही होईल असं कोणाला वाटलं नाही. एका पहाटे ते गेले. कन्हान दोन्ही काठ भरून चालली होती. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, नाव वर ओढून चिंचेला बांधलेली. तरीही थोरल्या मुलाने तिरडी घाटावर आणली. अख्खा घाटवॉर्ड मागे आला होता, पाऊस चालूच होता.

नावाडी पुढे यायला तयार नव्हते. रामलालने पोराच्या पायाला हात लावला. "भाऊ, पैसे नको मले. पण नाव गेली तर जिते माणसं जातील."

"मले नाव नाई पाह्यजे," पोरगा म्हणाला. "मी इथंच जाळतो. दंड भरतो, जेलात जातो. बाबाले घरात नाई ठेवनार. मायले ठेवलं होतं तवा मी लहान होतो, पन मी पाह्यलं हाय."

हे ऐकून बायका रडायला लागल्या. मलाही आवरलं नाही. बापूसाहेब आले होते, ते म्हणाले, "जाळ रे बाबा, जाळ. मी परवानगी देतो."

"अध्यक्षांना एकट्याला तो अधिकार नाही," मागून आवाज आला. अण्णासाहेब वकील छत्री घेऊन उभे होते. "परवानगी सभाच देऊ शकते."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "आज बी कायदा काढून राहिले का गा?" दोघेचौघे पुढे सरकले. अण्णासाहेब हलले नाहीत. बापूसाहेब मध्ये पडले. म्हणाले, "मग सभा इथेच घेऊ! बाबू, वही आणा."

मी ऑफिसात धावत गेलो, सदऱ्याखाली वही झाकून आणली. पण सभा तरी कशी व्हावी? तीन मेंबर कामाने नागपुरात अडकलेले, दोघे नाल्याच्या पलीकडे राहणारे, नाल्यालाही पूर. घाटावर बापूसाहेब, गोपाळशेठ आणि अण्णासाहेब, एवढेच. कोरम चारचा. चार मेंबर हजर असल्याशिवाय सभा होत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही आता कळलं होतं, कारण सगळे बोटं मोजत होते.

बापूसाहेबांनी मान खाली घातली. "तिघंच आहोत, अण्णासाहेब."

अण्णासाहेब तिरडीकडे पाहत होते. मग मला म्हणाले, "बाबू, हजेरी घ्या."

आमच्या कमेटीत हजेरी शाळेसारखी नाव घेऊन होत असे, वॉर्डांच्या क्रमाने. कोणीतरी माझ्या डोक्यावर छत्री धरली. मी वही उघडली आणि वाचायला लागलो. बापूसाहेब म्हणाले, "हजर." गोपाळशेठ म्हणाले, "हजर." जे नव्हते त्यांच्या नावापुढे मी रेघ मारत गेलो. अण्णासाहेब म्हणाले, "हजर." मग मी थांबलो. माझ्याने पुढे वाचवेना, मी वही मिटायला लागलो.

अण्णासाहेबांनी पायातल्या वहाणा काढल्या, छत्री मिटली आणि पावसात तिरडीच्या उशाशी जाऊन उभे राहिले.

"यादी संपली का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "घाटवॉर्ड राहिला."

"मग घ्या ना नाव."

मी दाजीबांचं नाव घेतलं. नदीचा आवाज फार होता. अण्णासाहेबांनी आपला उजवा हात वर केला, आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हजर!"